वापरलेल्या टूरिंग मोटारसायकलची खरेदी

वापरलेल्या टूरिंग मोटारसायकलची खरेदी म्हणजे लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी बनवलेली अथवा प्रामुख्याने त्या कामी वापरली गेलेली मोटारसायकल तिच्या आधीच्या मालकाकडून किंवा जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याकडून विकत घेण्याचा व्यवहार होय. भारतात हा व्यवहार मोटार वाहन अधिनियम, १९८८ आणि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांच्या अधीन असतो. या खरेदीत दोन स्वतंत्र बाबी पडताळाव्या लागतात. पहिली, वाहनाची यांत्रिक स्थिती आणि दुसरी, त्याची मालकी व नोंदणी. रक्कम आणि किल्ली यांची देवघेव झाली, तरी नोंदणी प्रमाणपत्रावर खरेदीदाराचे नाव लागेपर्यंत अपघाताच्या भरपाईची जबाबदारी जुन्या नोंदणीकृत मालकाकडेच राहते. त्यामुळे नोंदणीचे हस्तांतरण हा या व्यवहाराचा सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानला जातो.

संज्ञा आणि प्रकार

टूरिंग मोटारसायकल असा स्वतंत्र वर्ग भारतीय कायद्यात नाही. ही संज्ञा वापरावरून पडलेली आहे. दिवसभर सलग चालवता येईल अशी बैठक, मोठी इंधन टाकी, सामान बांधण्याची सोय आणि महामार्गाच्या वेगाला न थकणारे इंजिन ही या वाहनांची सर्वसाधारण लक्षणे आहेत. भारतीय बाजारात त्यांचे ढोबळमानाने तीन गट आढळतात. सरळ बैठकीच्या रस्त्यावरील मोटारसायकली, पाय पुढे ठेवून चालवण्याच्या क्रूझर मोटारसायकली आणि खराब रस्त्यांसाठी लांब चालीचे शॉकअप व मोठे पुढचे चाक असलेल्या ॲडव्हेंचर मोटारसायकली, असे ते गट होत.

पार्श्वभूमी

भारतात लांबच्या प्रवासासाठी दीर्घकाळ रॉयल एनफील्ड बुलेट हीच प्रमुख मोटारसायकल होती. २००३ मध्ये हीरो होंडाची करिझ्मा आल्यानंतर या वापराला दुसरा पर्याय मिळाला. २०१६ नंतर मात्र हा वर्ग झपाट्याने विस्तारला. रॉयल एनफील्ड हिमालयन (४११ घनसेंमी) आणि बजाज डॉमिनार ४०० या दोन्ही मोटारसायकली २०१६ मध्ये बाजारात आल्या. २०१८ मध्ये रॉयल एनफील्डच्या ६४८ घनसेंमीच्या जुळ्या सिलिंडरच्या मोटारसायकली, २०१९ मध्ये हीरो एक्सपल्स २०० आणि २०२० मध्ये केटीएम ३९० ॲडव्हेंचर यांची भर पडली. यांपैकी डॉमिनार आणि ३९० ॲडव्हेंचर या पुण्याजवळील चाकण येथे तयार होतात. पहिल्या मालकांनी काही वर्षे वापरलेली ही वाहने आता जुन्या बाजाराचा मोठा भाग बनली आहेत.

निर्मितीचे वर्ष आणि तांत्रिक टप्पे

एकाच नावाच्या मोटारसायकलीत वर्षानुसार महत्त्वाचे फरक असू शकतात. त्यामुळे केवळ नोंदणीचे वर्ष न पाहता निर्मितीचा महिना आणि उत्सर्जन मानकही पाहिले जाते. खरेदीच्या दृष्टीने पुढील टप्पे महत्त्वाचे आहेत.

* १ एप्रिल २०१७ : भारत स्टेज ४ मानक देशभर लागू. याच काळात मोठ्या मोटारसायकलींमध्ये कार्ब्युरेटरऐवजी इंधन इंजेक्शन येऊ लागले. हिमालयनची २०१६ ची आवृत्ती कार्ब्युरेटरची, तर त्यानंतरची भारत स्टेज ४ आवृत्ती इंजेक्शनची आहे.
* १ एप्रिल २०१९ : १२५ घनसेंमीहून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना चाक लॉक होऊ न देणारी ब्रेक प्रणाली, म्हणजे एबीएस, बंधनकारक. नव्याने बाजारात येणाऱ्या मॉडेलांना ही अट एक वर्ष आधी लागू झाली होती. त्याआधीच्या वाहनांत ही सोय असेलच असे नाही.
* १ एप्रिल २०२० : भारत स्टेज ६ मानक लागू. यानंतरच्या वाहनांत संवेदक व विद्युत भाग अधिक असल्याने दोष शोधण्यासाठी निदान यंत्राची गरज पडते.

खासगी दुचाकीची नोंदणी पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे वैध असते. त्यानंतर वाहनाची तपासणी होऊन ती एका वेळी ५ वर्षांसाठी वाढवून मिळते. महाराष्ट्रात पंधरा वर्षांहून जुन्या खासगी वाहनांवर पर्यावरण कर आकारला जातो. म्हणून तेरा-चौदा वर्षांची मोटारसायकल स्वस्त दिसली, तरी नूतनीकरणाचा खर्च किमतीत धरावा लागतो.

कागदपत्रांची पडताळणी

यांत्रिक तपासणीपूर्वी कागदपत्रे पाहण्याची पद्धत आहे, कारण सदोष इंजिन दुरुस्त करता येते, परंतु सदोष मालकी विकत घेतल्यावर दुरुस्त करणे कठीण असते.

नोंदणी प्रमाणपत्रावरील चेसिस क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष वाहनावरील क्रमांकांशी ताडून पाहिले जातात. चेसिस क्रमांक सतरा अक्षरांचा असून तो बहुतेक मोटारसायकलींवर हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. अक्षरांभोवती घासल्याच्या खुणा, नव्याने मारलेला रंग किंवा अक्षरांच्या खोलीतील फरक हे संशयास्पद मानले जाते. इंजिन बदललेले असल्यास त्याची नोंद प्रमाणपत्रावर असणे आवश्यक आहे.

वाहनाची नोंदणी, विमा व प्रदूषण प्रमाणपत्राची मुदत केंद्र शासनाच्या वाहन प्रणालीवर आणि एमपरिवहन या ॲपवर पाहता येते. थकीत दंडाची माहिती ई-चलन संकेतस्थळावर मिळते. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांचे यासाठी वेगळे संकेतस्थळही आहे. हा दंड वाहन क्रमांकावर नोंदला जात असल्याने तो व्यवहारापूर्वीच विक्रेत्याकडून भरून घेतला जातो.

मोटारसायकल कर्जाऊ घेतली असल्यास नोंदणी प्रमाणपत्रावर वित्तसंस्थेचे नाव चढलेले असते. कर्ज फिटल्यानंतरही हा बोजा आपोआप उतरत नाही. वित्तसंस्थेचे ना हरकत पत्र आणि नमुना ३५ सादर केल्यावरच परिवहन कार्यालय ती नोंद काढते. विक्रेत्याने कर्ज फेडले असले, तरी बोजाची नोंद कायम असलेले वाहन घेतल्यास हस्तांतरण अडते.

१ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बसवणे महाराष्ट्रात बंधनकारक करण्यात आले आहे. ती बसवलेली आहे की नाही, हेही पाहिले जाते.

यांत्रिक तपासणी

धावलेले अंतर

मीटरवरील आकडा हा वाहनाच्या स्थितीचा एकमेव निकष मानला जात नाही. महामार्गावर एकसारख्या वेगाने ४० हजार किलोमीटर धावलेल्या आणि वेळच्या वेळी तेल बदललेल्या मोटारसायकलीचे इंजिन, शहरातील गर्दीत १५ हजार किलोमीटर चाललेल्या व दुर्लक्षित मोटारसायकलीपेक्षा सुस्थितीत असू शकते. मीटरचा आकडा मागे फिरवण्याचे प्रकारही घडतात. यासाठी अधिकृत सेवा केंद्रातील नोंदी पाहिल्या जातात. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या पावतीवर त्या दिवसाचे अंतर लिहिलेले असते. नोंदी उपलब्ध नसल्यास पायरेस्टचे रबर, हँडलच्या मुठी, आसनाची उशी आणि ब्रेक डिस्कची झीज यांवरून अंदाज बांधतात. डिस्कची किमान जाडी बहुधा तिच्यावरच कोरलेली असते.

सांगाडा आणि पडण्याच्या खुणा

सामानाने भरलेली मोटारसायकल उभ्या जागीही कलंडते. त्यामुळे लिव्हरचे टोक, मुठीचे वजन किंवा क्रॅश गार्ड यांवरील ओरखडे टूरिंग मोटारसायकलीवर सर्रास आढळतात आणि ते गंभीर मानले जात नाहीत. वेगात झालेल्या अपघाताच्या खुणा वेगळ्या असतात. हँडल पूर्ण वळल्यावर अडणारा सांगाड्यावरील थांबा चेपलेला किंवा तुटलेला असणे, पुढचे फोर्क एका रेषेत नसणे, सरळ जाताना हँडल तिरके राहणे आणि सांगाड्यावर नंतर केलेले वेल्डिंग दिसणे, या त्या खुणा होत.

मागील कॅरिअर आणि सामानाच्या पेट्या जोडण्याच्या जागा हा या वर्गातील नाजूक भाग आहे. क्षमतेपेक्षा अधिक भार घेऊन खराब रस्त्यावर दीर्घकाळ चालवल्यास तेथील नळ्यांना बारीक तडे जातात. आसन काढून विजेरीच्या उजेडात हा भाग पाहिला जातो.

चाके, टायर आणि शॉकअप

टायरच्या बाजूवर चार अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक निर्मितीचा आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष दर्शवतात. उदाहरणार्थ, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुने झालेले रबर कडक होते आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी होते. मधोमध चपटा झालेला मागचा टायर सरळ महामार्गावरील वापर दाखवतो.

आऱ्यांच्या चाकात प्रत्येक आरा हलकेच वाजवून पाहतात. सैल आऱ्याचा आवाज बाकीच्यांपेक्षा बद्द येतो. चाक उचलून फिरवल्यास रिमचा वाकडेपणा दिसतो. पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर तेलाचे वळे दिसल्यास ऑइल सील गळत असल्याचे समजते. पुढचे चाक अधांतरी ठेवून हँडल सावकाश दोन्ही बाजूंना फिरवल्यावर मध्यभागी खाच जाणवली, तर कोन सेट झिजलेला असतो.

चेन आणि इंजिन

मागच्या स्प्रॉकेटवरून चेन हाताने मागे ओढली असता दाते उघडे पडल्यास चेन ताणलेली आहे असे समजतात. दाते आकड्यासारखे वाकलेले असल्यास चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकत्र बदलावी लागतात.

इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे महत्त्वाचे असते, कारण गरम इंजिन अनेक दोष झाकते. विक्रेत्याने आधीच इंजिन तापवून ठेवले आहे का, हे इंजिनाजवळ हात नेऊन कळते. सुरू झाल्यावर टिकून राहणारा निळसर धूर इंजिनात तेल जळत असल्याचे सुचवतो. टायमिंग चेनची खडखड, क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज आणि इंजिनाच्या जोडांमधून झिरपणारे तेल यांचीही नोंद घेतली जाते. डॉमिनार किंवा ३९० ॲडव्हेंचर यांसारख्या द्रवशीतित इंजिनात शीतकाची पातळी व रंग आणि रेडिएटरच्या जाळीची अवस्था पाहतात.

वीजजोडणी आणि फेरफार

लांबच्या प्रवासासाठी मालक जादा दिवे, मोबाइल चार्जर, मोठा भोंगा अशा वस्तू बसवतात. मूळ तारा कापून आणि नुसती चिकटपट्टी गुंडाळून केलेली जोडणी हे अचानक बंद पडण्याचे व आग लागण्याचे कारण ठरू शकते. स्वतंत्र फ्यूज व रिले असलेली जोडणी सुरक्षित समजली जाते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. त्यामुळे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलेला असल्यास मूळ सायलेन्सर सोबत मिळतो का, हे विचारले जाते.

पुरात बुडालेली आणि किनारपट्टीवरील वाहने

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली व कोल्हापूर येथे, तसेच जुलै २०२१ मध्ये चिपळूण, महाड आणि पुन्हा कोल्हापूर-सांगली भागात आलेल्या महापुरांत अनेक वाहने पाण्याखाली गेली. अशी मोटारसायकल बाहेरून स्वच्छ केली, तरी दिव्याच्या काचेच्या आत, मीटरमध्ये, आसनाखालील कोपऱ्यांत आणि तारांच्या जोडण्यांत गाळाचा थर राहतो. इंजिन तेल दुधाळ दिसणे हे त्यात पाणी मिसळल्याचे लक्षण आहे. कोकण व गोव्यातील वाहनांत खाऱ्या हवेमुळे आरे, स्क्रू, सायलेन्सर आणि टाकीचा आतील भाग लवकर गंजतो.

चालवून पाहणे

चाचणीसाठी चालवताना वाहनाचा विमा वैध असणे आणि चालकाकडे परवाना असणे आवश्यक असते. या वर्गातील मोटारसायकल केवळ गल्लीत चालवून पाहणे पुरेसे नसते. महामार्गाच्या वेगाला हँडल थरथरणे, वरच्या गिअरमध्ये वेग वाढवताना क्लच घसरणे, गिअर आपोआप निसटणे आणि ब्रेक लावल्यावर लिव्हरला हिसके बसणे हे दोष मोकळ्या रस्त्यावर उघड होतात. किल्ली फिरवल्यावर एबीएसचा दिवा लागून वाहन चालू लागल्यावर विझला पाहिजे. तो मुळीच न लागणे हेही दोषाचे चिन्ह आहे, कारण कायम पेटलेला दिवा लपवण्यासाठी तो निकामी केलेला असू शकतो. खरेदीदार स्वतः जाणकार नसल्यास ओळखीच्या मेकॅनिकला सोबत नेण्याचा प्रघात आहे.

किंमत

विमा व्यवसायात वाहनाचे विमायोग्य मूल्य ठरवताना वयानुसार घसारा धरला जातो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के असे त्याचे प्रमाण आहे. बाजारभाव याहून वेगळा असू शकतो, परंतु घासाघीस करताना हा आधार उपयोगी पडतो. पेट्या, क्रॅश गार्ड व जादा दिवे यांचा खर्च विक्रेत्याला क्वचितच पूर्ण वसूल होतो. अशा सुसज्ज मोटारसायकली खरेदीदाराला फायदेशीर ठरतात त्या यामुळेच. टायर, चेन-स्प्रॉकेट, ब्रेक पॅड आणि बॅटरी नजीकच्या काळात बदलावी लागणार असल्यास तो खर्च किमतीतून वजा करून बोलणी केली जातात. आयकर कायद्यानुसार एका व्यवहारात २ लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारता येत नाही.

मालकीचे हस्तांतरण

हस्तांतरणाची तरतूद मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० मध्ये आहे. वाहन त्याच राज्यात नोंदलेले असल्यास विक्रेत्याने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. खरेदीदाराने ३० दिवसांत आपल्या निवासक्षेत्रातील प्राधिकरणाकडे, म्हणजे प्रादेशिक किंवा उपप्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे, अर्ज करायचा असतो. यासाठी पुढील नमुने वापरले जातात.

* नमुना २९ : विक्रेत्याने द्यायची हस्तांतरणाची सूचना
* नमुना ३० : खरेदीदाराचा हस्तांतरणासाठीचा अर्ज
* नमुना २८ : दुसऱ्या राज्यात वाहन नेताना लागणारे ना हरकत प्रमाणपत्र
* नमुना ३५ : वित्तसंस्थेचा बोजा उतरवण्याची सूचना
* नमुना ३१ : नोंदणीकृत मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे हस्तांतरण

मालक मृत झाला असल्यास आधी वारसाच्या नावे नोंदणी करून नंतर विक्री केली जाते. कोऱ्या नमुन्यांवर विक्रेत्याच्या सह्या घेऊन ठेवणे आणि खरेदीदाराचे नाव न भरता वाहन पुढे विकणे ही पद्धत दलालांमध्ये रूढ होती. अशा साखळीत वाहन कोणाच्या ताब्यात आहे याची शासकीय नोंद राहत नाही. ही त्रुटी दूर करण्यासाठी डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय नियमांत दुरुस्ती अधिसूचित झाली. तिच्यानुसार जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्याला परिवहन विभागाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि वाहन ताब्यात आल्याची सूचना ऑनलाइन द्यावी लागते. त्यानंतर वाहन विकले जाईपर्यंत तोच त्याचा मालक मानला जातो.

परराज्यातील वाहने

दुसऱ्या राज्यात नोंदलेली मोटारसायकल बारा महिन्यांहून अधिक काळ नव्या राज्यात ठेवायची असल्यास तेथील नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र लागते आणि नव्या राज्याचा वाहन कर वाहनाच्या वयानुसार भरावा लागतो. मूळ राज्यात भरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो. परराज्यातील कमी भाव आकर्षक वाटला, तरी हा कर, वाहतूक आणि हेलपाटे यांचा हिशेब केल्यावर फरक बराच कमी होतो.

भाड्याने फिरलेली वाहने

गोव्यात पर्यटकांना भाड्याने देण्याच्या दुचाकी व्यावसायिक वर्गात नोंदलेल्या असतात आणि त्यांच्या पाटीवर काळ्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे असतात. अशी मोटारसायकल खासगी वापरासाठी घेताना परवाना रद्द करून नोंदणीचा वर्ग बदलून घ्यावा लागतो. अनेक अनोळखी हातांनी चालवल्यामुळे क्लच, गिअर आणि ब्रेक यांची झीज अशा वाहनांत अधिक अपेक्षित असते.

विमा

अधिनियमाच्या कलम १५७ नुसार तृतीय पक्षाचा विमा वाहनासोबत खरेदीदाराकडे हस्तांतरित झाल्याचे मानले जाते. तरीही खरेदीदाराने १४ दिवसांत विमा कंपनीकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. वाहनाच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र आपोआप हस्तांतरित होत नाही. त्यामुळे नाव बदलण्यापूर्वी अपघात वा चोरी झाल्यास खरेदीदाराचा दावा नाकारला जाऊ शकतो.

१ सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकींना पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. यामुळे विमा चालू असल्याचे सांगितले जात असतानाही त्यातील स्वनुकसानीचा भाग संपलेला असण्याची शक्यता असते. दोन्ही भागांच्या मुदती स्वतंत्रपणे पाहाव्या लागतात. दावा न केल्याबद्दलची सवलत व्यक्तीला मिळते, वाहनाला नव्हे. म्हणून ती विक्रेत्याकडेच राहते आणि खरेदीदाराला पूर्ण हप्ता भरावा लागतो. मालक-चालकाचा १५ लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमाही नव्या मालकाने स्वतःच्या नावे घ्यायचा असतो.

नोंदणी न बदलल्यास होणारे परिणाम

अधिनियमाच्या कलम २(३०) मध्ये ज्याच्या नावावर वाहनाची नोंदणी आहे ती व्यक्ती म्हणजे मालक, अशी व्याख्या आहे. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजीच्या एका निकालात या व्याख्येचा अर्थ स्पष्ट केला. त्या प्रकरणातील मोटार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती. अपघातातील भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकाचीच आहे, असे न्यायालयाने ठरवले. अपघातग्रस्ताने वाहनाच्या प्रत्येक खरेदीदाराचा माग काढत फिरावे अशी अपेक्षा करता येत नाही, हा त्यामागील विचार होता.

या निकालामुळे हस्तांतरणात विक्रेत्याचेही हित गुंतलेले आहे हे स्पष्ट होते. मोटारसायकल दिल्यानंतर महिनोन्‌महिने तिच्यावरील दंड, पोलीस चौकशी आणि भरपाईचे दावे जुन्या मालकाच्या पत्त्यावर येऊ शकतात. दुसऱ्या बाजूला खरेदीदाराला वाहन पुढे विकता येत नाही आणि जुना मालक परगावी गेल्यास किंवा मरण पावल्यास नोंदणी आपल्या नावावर करून घेणे अवघड होते. यावर उपाय म्हणून ताबा देताना तारीख आणि वेळ लिहिलेली ताबापावती दोघांच्या सह्यांनी केली जाते आणि नोंदणी बदलेपर्यंत रकमेचा काही भाग राखून ठेवला जातो. ताबापावती हा पुरावा असला, तरी ती नोंदणी बदलण्याला पर्याय ठरत नाही.

फसवणुकीचे प्रकार

जाहिरातीत बाजारभावापेक्षा बरीच कमी किंमत दाखवून, विक्रेता लष्करात असून त्याची बदली झाल्याचे सांगून वाहतूक खर्चाच्या नावाखाली आगाऊ रक्कम मागणे, हा नेहमी आढळणारा प्रकार आहे. चोरीच्या वाहनावर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या वाहनाचा क्रमांक लावून ते विकण्याचे प्रकारही घडतात. प्रत्यक्ष वाहन, मूळ कागदपत्रे आणि विक्रेत्याचे ओळखपत्र एकत्र पाहिल्याशिवाय टोकन रक्कम न देणे हा यावरील सर्वमान्य उपाय आहे. रक्कम नोंदणीकृत मालकाच्याच बँक खात्यात भरल्यास व्यवहाराचा पुरावा राहतो.

हेही पाहा

* मोटारसायकल
* मोटार वाहन अधिनियम, १९८८
* प्रादेशिक परिवहन कार्यालय
* वाहन विमा
* भारत स्टेज उत्सर्जन मानके